एकट्याने लिहावं, गटात की कार्यशाळेत? ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या लेखकासाठी

नोकरी सांभाळून कथा किंवा ललित लिहू पाहणाऱ्यासमोर आपल्याकडे साधारण तीन वाटा असतात. एकट्याने रोज लिहायचं, चार-सहा जणांचा गट धरायचा, नाहीतर फी भरून कार्यशाळा करायची.

एकट्याने लिहिण्याला पर्याय नाही, हे आधी सांगते. रोज थोडं लिहिलं की हात बसतो आणि कालची पात्रं आज अनोळखी वाटत नाहीत. जागा मात्र शोधावी लागते. कल्याणकडून भरून येणाऱ्या गाडीत वही उघडायचा प्रश्नच नाही, पण ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्यातूनच सुटते. बसायला मिळालं तर वाशीपर्यंतचा जेमतेम अर्धा तास आपला असतो. वाचनासाठी मराठी ग्रंथ संग्रहालय ठाण्यात १८९३ पासून आहे. या वाटेची अडचण अशी की आपण लिहिलेलं आपल्याला नेहमीच समजतं. जे कागदावर उतरलेलंच नाही, तेही आपण मनातून भरून वाचतो. शिवाय कथा अर्धवट राहिली तरी विचारणारं कुणी नसतं.

गटाचा खरा उपयोग इथे होतो. पण गट म्हणजे कट्टा नव्हे. ठाण्यातला आचार्य अत्रे कट्टा किंवा अशा ठिकाणचे कार्यक्रम जरूर ऐकावेत, त्यातून माणसं भेटतात, कान तयार होतो. तिथे तुमचा खर्डा मात्र कुणी तपासणार नाही. कविसंमेलनांचंही तेच. कवितेला जागच्या जागी दाद मिळते. तीन हजार शब्दांची कथा ऐकून तिच्यात काय बिघडलंय हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. कथा आधी पाठवायला हवी आणि समोरच्याने ती पेन्सिल घेऊन वाचायला हवी.

अशा वाचनातून काय हाती लागतं? समजा, नोकरी गेलेल्या नवऱ्याची गोष्ट आहे. घरी त्याने काहीच सांगितलेलं नाही. शेवटी बायको डबा घासायला घेते, तर तो भरलेलाच. लेखकाने पुढे लिहिलंय, ‘तिच्या डोळ्यांत अश्रू तरळले, तिला सगळं कळून चुकलं.’ गटातली एखादी म्हणते, ‘अहो, मला भरल्या डब्यालाच कळलं. पुढची ओळ कशाला?’ ती ओळ कापायला मिनिटभर पुरतं, पण एकट्याने लिहिताना ती वर्षानुवर्षं जागची हलत नाही, कारण लिहिणाऱ्याचा जीव तिच्यातच अडकलेला असतो. पुढच्या कथेत तो अशी ओळ लिहितानाच थांबतो. माझ्या मते कसब वाढतं ते असं.

हे काम एके काळी संपादक करत. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत. असं पत्र आज नवोदिताला क्वचितच येतं, म्हणून मला असे गट फार मोलाचे वाटतात.

गटाचे धोकेही आहेत. सगळेच ‘छान, छान’ म्हणू लागले तर तो भिशीचा गट होतो. एकच जण वरचढ झाला तर सगळे त्याच्यासारखं लिहू लागतात. आणि काहीजण नुसतेच बोलायला येतात. दोन बैठका झाल्या तरी ज्याने एक पान दिलेलं नाही, त्याला स्पष्ट विचारावं.

कार्यशाळेबद्दल थोडक्यात. एकांकिका, पटकथा असं तंत्र शिकायचं असेल तर ती घ्यावी, महिन्यांचं चाचपडणं वाचतं. पण दोन दिवसांत कुणाची भाषा घडत नाही. फी भरण्याआधी इतकंच विचारा, तुमचं लिखाण शिकवणारा स्वतः वाचणार आहे का? नसेल तर ते व्याख्यान आहे.

निवडायचं कसं? लिहायला बसणंच होत नसेल तर गटात घाई करू नका, आधी एक कथा शेवटापर्यंत न्या, वाईट का होईना. सुरू केलेलं पूर्ण होत नसेल किंवा पूर्ण झालेलं संपादकांकडून सारखं परत येत असेल, तर आजच गट शोधा. ठरलेल्या तारखेला पानं द्यायची असली की कथा संपते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर जानेवारीतच सुरुवात करा, बरेच अंक पावसाळ्यातच मजकूर पक्का करतात.

गट मिळत नसेल तर चौघं जमवा. रविवार सकाळ धरा, आठवड्यातल्या संध्याकाळी घोडबंदरहून नौपाड्यात वेळेवर पोचणं कठीण. गुरुवारपर्यंत पानं पाठवायची, एका बैठकीत दोनच कथा घ्यायच्या आणि आपल्या कथेवर बोलणं चालू असताना लेखकाने काहीही खुलासा करायचा नाही, फक्त लिहून घ्यायचं.