शेतावरून थेट भाजीची पेटी: बाकी सगळं ठीक, पण कोथिंबीर?

शनिवारची भाजी रविवारी रात्री मिळाली, तीही डी विंगच्या वॉचमनच्या खुर्चीखाली. आम्ही राहतो बी विंगमध्ये. पालक काळा पडून त्याला पाणी सुटलं होतं, अंबाडी मान टाकून पडलेली, आणि दुधी मात्र ठणठणीत, कारण दुधीला काहीच होत नाही. टेम्पोवाल्या पोराने 'पोच झाली' असा मेसेज टाकून विषय संपवला होता. ग्रुपवर तक्रार केली तर उत्तर आलं की ताई, आपण भाजी विकत घेत नाही, शेतातला हिस्सा घेतो, आणि हिस्सा सोसायटीत पोचलेला आहे. हे वाचून माझं डोकं फिरलं आणि लिहायला बसले.

योजना कशी असते हे बहुतेकांना माहीत आहे, तेव्हा थोडक्यात. सासवडच्या पुढे, पुरंदर तालुक्यात दोन एकर बागायत. तरुण शेतकरी आणि त्याची बायको, हाताशी त्याचे आईवडील. चाळीसेक घरं सभासद, बहुतेक कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यातली. आठवड्याला ६०० प्रमाणे २६ आठवड्यांचे १५,६०० रुपये आगाऊ, शिवाय क्रेटचं डिपॉझिट ३००. पेटीत साधारण पाच किलो माल, सात-आठ प्रकार. कुठल्या आठवड्यात काय येणार ते आपण ठरवायचं नाही. बदली नाही, परतावा नाही.

म्हणजे किलोला १२० रुपये. दोडका १२०, भेंडी १२० आणि दुधीही १२०. जून-जुलैत आमच्याकडे जो दुधी आला त्याचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे, तो इथे देत नाही, कारण वाचून मलाच त्रास होतो. दुधी हलवा, दुधीचे थालीपीठ, चणाडाळ घालून दुधी, दुधीच्या सालीची चटणी. यजमानांनी एकदा ताट पाहून नुसतं "बरं" म्हटलं.

पण दुधीवर माझा खरा राग नाही. कोथिंबीर! पाच किलो भाजीच्या पेटीत कोथिंबीर नाही. पहिल्या आठवड्यात नाही, दुसऱ्यात नाही, मग एकदा मूठभर आली तीही फुलावर आलेली, मग परत गायब. मला सांगा, पोह्यांवर काय घालायचं? मटकीच्या उसळीवर, काकडीच्या कोशिंबिरीवर, साध्या वरणावर? नवलकोल नसला तर कोणाच्या घरात आठवडाभर अडत नाही. कोथिंबीर नसली की दर जेवणाला अडतं.

आणि यात जो पेच आहे तो पेटी न घेणाऱ्यांना कळणार नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी अर्धा किलो भेंडी घेतली की न मागता चार काड्या कोथिंबीर आणि कढीपत्ता वर टाकतात. कित्येक वर्षं आमच्या घरात कढीपत्ता विकत आणलेला नाही. पेटी सुरू झाली आणि हा हक्क गेला. आता त्यांच्याकडे फक्त कोथिंबिरीची जुडी घ्यायला जायचं, म्हणजे त्या जुडी देताना हमखास विचारणार, "बाकीची भाजी हल्ली कुठनं घेता?" पावसाळ्यात जुडी चाळीस रुपये आणि वर हा प्रश्न. मी दोनदा लांबच्या गाडीवरून घेऊन आले.

शेतकऱ्याला विचारलं. उत्तर नीट दिलं, हे मान्य. धणे रगडून दोन फाका करून पेरतात, उगवायलाच आठ-दहा दिवस लागतात, जुडी हातात यायला पस्तीस-चाळीस दिवस. मेमध्ये पेरली तर उन्हाच्या तडाख्यात उगवण कमी होते आणि जी उगवते ती लवकर फुलावर जाते. जूनमध्ये पेरली तर सततच्या रिपरिपीत सडते. जमिनीला वाफसाच (पेरणीजोगा ओलावा) येईना, तर पेरणार कधी? हे सगळं पटलं. पण हे त्याला मेमध्ये, माझे १५,६०० घेताना, माहीत नव्हतं का? माहितीपत्रकावर कोथिंबिरीच्या जुडीचा फोटो आहे. तोही पहिल्याच पानावर.

दुसरी तक्रार सासूबाईंची, पण लिहिणार मी. आमच्याकडे कांदेनवमी झाली की वांगं बंद, ते थेट चंपाषष्ठीपर्यंत. ऑगस्टभर पेटीत वांगी. काटेरी, ताजी, देखणी वांगी, आणि ती समोरच्या दारात नेऊन द्यायची. ज्या माणसाचं शेत जेजुरीच्या वाटेवर आहे त्याला चातुर्मास सांगायला लागावा?

इथवर ऑगस्टअखेर लिहून ठेवलं होतं आणि टाकायचं राहून गेलं. आता फेब्रुवारी संपत आला आहे. वरचं खोडत नाही, तो रागही खराच होता. पण त्यानंतर बऱ्याच गोष्टी झाल्या.

डी विंगच्या पेटीचं भांडण आधी मिटवते. मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं, चारपाच जणींनी त्याखाली आपापल्या पेट्यांच्या कहाण्या लिहिल्या, तेव्हा शेतकऱ्याचा स्वतःचा फोन आला. मी पैसे परत मागितले. तो म्हणाला, पैसे बियाण्यात आणि ठिबकच्या नळ्यांत गेलेत ताई, शेवटी एक आठवडा वाढवून देतो. दिलाही. टेम्पोवाला मुलगा बदलला नाही, पण आता क्रेटवर विंग आणि फ्लॅट नंबर खडूने लिहिलेला असतो. एवढं पहिल्या दिवशी सुचलं असतं तर माझी संध्याकाळ वाचली असती.

मग ऋषिपंचमी आली. त्या आठवड्याची पेटी उघडली तर आळूची पानं देठांसकट, लाल माठ, पडवळ, दोडका, लाल भोपळ्याची फोड, सुरणाचा तुकडा, दोन कोवळी मक्याची कणसं, आणि एक चिठ्ठी: "आईने बांधावरचं आणि परसातलं दिलंय, बैलाचं नाही." ऋषीच्या भाजीसाठी मी दरवर्षी मंडईत जाऊन सात ठिकाणी घासाघीस करते. यंदा घरात बसून सगळं मिळालं. सासूबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, बैलाचं चालत नाही, पण ट्रॅक्टरचं चालतं का? याचं उत्तर घरात कोणाकडेच नव्हतं. पण वांग्यांबद्दल त्यांनी त्या दिवसापासून शेतकऱ्याला माफ केलं.

लगेच पितृपक्ष. त्या पंधरवड्यात गवार, भेंडी, कारली यांचे भाव पुण्यात कुठे जातात ते सांगायला नको. पेटीत दोन्ही आठवडे गवार आली, कोवळी, त्याच १२० रुपये किलोने, तेव्हा मावशींकडे ती दोनशेच्या घरात होती. दुधीचा हिशेब लिहिला त्याच वहीत हाही लिहिला. म्हणजे सगळ्याला एक भाव ही पद्धत वर्षभर धरली तर तितकी वाईट नाही. जुलैत लुटल्यासारखं वाटतं, सप्टेंबरात आपण त्याला लुटतोय असं वाटतं.

डिसेंबरात शिवारफेरी ठेवली होती, गेलो. दिवे घाटात यजमानांनी गाडीच्या क्लचबद्दल जे काही म्हटलं ते सोडून देते. शेत पाहिल्यावर काही गोष्टी कळल्या, त्या पत्रकात असायला हव्या होत्या.

एक म्हणजे प्रमाणपत्र. पत्रकावर '१०० टक्के सेंद्रिय' असं ठसठशीत छापलेलं. प्रत्यक्षात शेत पीजीएस-ग्रीनमध्ये आहे (पीजीएस म्हणजे सहभागी हमी पद्धत), म्हणजे रासायनिकातून सेंद्रियात रूपांतराच्या काळात. पीजीएस-ऑरगॅनिक अजून व्हायचं आहे. या पद्धतीत पाच किंवा अधिक शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची पाहणी करतो, बाहेरच्या संस्थेला हजारो रुपये मोजावे लागत नाहीत, म्हणून लहान शेतकऱ्याला परवडते. मला त्यात काही गैर वाटत नाही. रासायनिक खत बंद केल्यावर जमिनीला वेळ लागणारच. पण ग्रीन आहे तर ग्रीन लिहा. पैसे आम्ही तरीही भरले असते.

दुसरं पाणी, आणि याबद्दल सेंद्रियवाले कोणीही आपणहून बोलत नाहीत. पुरंदर उपसा सिंचन योजनेचं पाणी मुळा-मुठेतून उचललेलं असतं. म्हणजे आपण कोथरूडात जे नदीत सोडतो तेच वर चढून भाजीत येऊ शकतं, मग ती कितीही जीवामृतावर (शेण-गोमूत्राच्या खतावर) वाढवलेली असो. मी शेतकऱ्याला सरळ विचारलं. त्याने विहीर दाखवली, भाजीला फक्त विहिरीचं पाणी ठिबकने, योजनेचं पाणी पलीकडच्या चुलत्यांच्या शेतात जातं. विहीर एप्रिलात तळाला जाते, म्हणून उन्हाळ्यात पेटीत चार-पाचच प्रकार. कुठलीही अशी योजना घेण्याआधी हा प्रश्न विचाराच. कीटकनाशकाबद्दल सगळे विचारतात, पाण्याबद्दल कोणी नाही.

बाकी जे बघायचं ते बघितलं: २०० लिटरच्या टाकीत ढवळत ठेवलेलं जीवामृत (लांबूनच बघा), कारल्याच्या मांडवात फळमाशीसाठी कामगंध सापळे (वासाने नर माशीला ओढणारे), पिवळे चिकट कागद, कडेने झेंडू, एका तुकड्यात हिरवळीच्या खतासाठी ताग. भेंडीवर केवडा (पानं पिवळी पाडणारा रोग) आला होता, ती झाडं उपटून टाकलेली. फ्लॉवरच्या गड्ड्यात अळी निघते हे खरं. मिठाच्या पाण्यात ठेवा, बाहेर येते. ज्यांना अळीची किळस येते त्यांनी हा नाद करू नये.

पैशांचंही बोलणं झालं. २०१६ साली राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी काही दिवस शहरात थेट विकून पाहिलं, पण रोज टेम्पो उभा करायला माणूस नाही. मार्केट यार्डात पालेभाजी शेकड्याने जाते, आणि शंभर जुड्यांचा भाव काय मिळेल ते गाडी उतरेपर्यंत कळत नाही. चाळीस घरांचे पैसे आधी आले की पेरणीला उसनवारी करावी लागत नाही. जपानमध्ये १९७०च्या दशकात गृहिणी आणि शेतकऱ्यांनी मिळून असंच काहीसं सुरू केलं होतं, हे त्याने कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलंय. त्या जपानी बायकांनी कोथिंबिरीचं काय केलं हे त्याला सांगता आलं नाही. मी विचारलं होतं.

तर कोथिंबीर. शिवारफेरीत तिचे वाफे पाहिले, हिरवेगार, वास दोन वाफे आधीपासून येणारा. मग सुरू झाली ती थांबेचना. दर आठवड्याला तीन-तीन जुड्या. मान्य करते, अशी कोथिंबीर मावशींकडे नसते. पानं लहान, देठ बारीक, निवडायला वेळ लागतो, पण एक काडी चुरगळली तर स्वयंपाकघरभर वास, आणि कागदात गुंडाळून ठेवली तर आठवडा काढते. वड्या केल्या, हिरवा मसाला करून फ्रीजरमध्ये टाकला, शेजारी वाटली. आणि नेमक्या याच दिवसांत मावशी सगळ्यांना मूठमूठ फुकट देत होत्या, कारण बाजारात जुडी पाच रुपयांवर आलेली. म्हणजे ज्या हवेत याच्या शेतात कोथिंबीर पिकते त्याच हवेत सगळ्यांच्याच शेतात पिकते, आणि ज्या हवेत माझ्याकडे नसते त्या हवेत कोणाकडेच नसते. हे कळायला मला सहा महिने आणि १५,६०० रुपये लागले.

थंडीतली पेटी मात्र वादातीत. मटार, गाजर, चाकवत, करडई, कोवळी मेथी जी निवडताना देठ टाकावे लागत नाहीत. भोगीच्या आठवड्यात पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी आणि मूठभर बोरं. मटार दारावर चाळीसला होता आणि मी त्याच्या तिपटीहून जास्त मोजत होते, तरी कुरकुर केली नाही. चंपाषष्ठीला वांगी आली होतीच, भरताची, मोठी. न सांगता.

एक सुधारणा मात्र भांडून करून घेतली आहे: गुरुवारी संध्याकाळी यादी येते, शनिवारी काय येणार आणि काय येणार नाही. 'येणार नाही' हा भाग माझा. कोथिंबीर नसेल तर शुक्रवारीच आणून ठेवता येते, शनिवारी सकाळी कढई तापल्यावर कळत नाही.

डिसेंबरात अर्धी पेटी घेतली, आठवड्याला ३५०, अडीच किलो. म्हणजे किलोला १४०. हिशेब करायचा नाही असं ठरवलं होतं, तरी झालाच. तिघांच्या घराला अर्धी पुरते आणि उरलेल्यासाठी मावशींकडे जाता येतं, संबंध सुधारले आहेत. लहान मुलं दोनच भाज्या खातात अशा घरांनी, आणि रोज डबे भरायचे असतात अशांनी, पूर्ण पेटी घेऊ नये. त्यापेक्षा शेतकरी आठवडे बाजारात जाऊन हवं तेवढं निवडून घ्या. घरात कोणी पालेभाजी निवडायला बसणारं असेल तरच यात पडा. माझ्या घरी सासूबाई आहेत म्हणून निभावतं.

आता प्रश्न जूनचा. माझं म्हणणं, जून ते ऑगस्ट मी थांबते आणि सप्टेंबरपासून घेते. शेतकऱ्याचं म्हणणं, पावसाळ्यात जे सोडतात त्यांना हिवाळ्यात जागा धरून ठेवता येत नाही, कारण हिवाळ्याची भाजी पावसाळ्यातल्या पैशांवरच उभी राहते. यात त्याचं काही चुकत नाही, हेच मला जास्त खटकतं. मी दोन हप्ते मागितले आहेत: अर्धे जूनमध्ये, अर्धे गवार दिसल्यावर. तो म्हणाला, आईला विचारून सांगतो ताई.