स्वादुपिंडाच्या तीन काचा: दुसरीसाठी तरी हा संच घ्याच

हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाच्या, प्रॅक्टिकलला मी अठरा वर्षं मुलांना स्वादुपिंड दाखवते आहे आणि गेली नऊ वर्षं मला स्वतःला टाइप 2 मधुमेह आहे. तयार स्लाइडचा हा संच मागवण्यामागे ही दोन्ही कारणं होती. लाकडी पेटीत तीन काचा आणि सोबत एक छोटी पुस्तिका. महिनाभर वापरून मग लिहिते आहे.

पहिली काच नेहमीची, माणसाच्या स्वादुपिंडाची, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेली. छेद स्वच्छ आहे, कुठे सुरकुती नाही. जांभळ्या पेशींच्या गर्दीत लँगरहॅन्सची फिकट बेटं, म्हणजे इन्सुलिनसारखी संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, पटकन सापडतात. चांगली आहे, पण अशी काच कुठेही मिळते.

दुसरी मात्र मी रोज काढून बघते. सशाच्या रक्तवाहिन्यांत लाल जिलेटिन भरून हा छेद मुद्दाम जाड कापला आहे. पाचकरस तयार करणाऱ्या भागात विरळ लाल रेघा दिसतात आणि त्यांच्यामध्येच अचानक एक दाट गुंता लागतो. फाइन फोकस सावकाश फिरवत खाली जावं, म्हणजे एक बारीकशी धमनी बेटात शिरताना दिसते. तिला फांद्या फुटतात, त्या वळणं घेत एकमेकींत मिसळतात, आणि सगळा मिळून लोकरीच्या गुंड्यासारखा गोळा होतो.

एका विद्यार्थिनीने आयपीसवरून डोळा न काढताच विचारलं, "मॅडम, एवढ्याशा ठिपक्याला एवढं रक्त कशाला?"

हाच प्रश्न पडायला हवा होता. एक बेट साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटरचं. सगळी बेटं एकत्र केली तरी स्वादुपिंडाच्या 1 ते 2 टक्केच भरतात, पण स्वादुपिंडात येणाऱ्या रक्तातला त्यांचा वाटा त्याच्या कितीतरी पट असतो. बेटातली इन्सुलिन बनवणारी बीटा पेशी साखरेचा अंदाज याच रक्तातून घेते आणि इन्सुलिनही याच रक्तात सोडते. तिला नळी नाही. शेजारची केशवाहिनी हीच तिची येण्याजाण्याची वाट. ती वाट जवळ राहावी म्हणून बीटा पेशी स्वतःच व्हीईजीएफ नावाचं, रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडत राहते. तिथून इन्सुलिन पोर्टल व्हेनने आधी यकृतात जातं आणि साधारण निम्मं तिथेच वापरलं जातं. अठरा वर्षं हे सगळं मी फळ्यावर बाण काढून शिकवत होते. या काचेवर बाण काढावे लागत नाहीत.

तिसरी काच टाइप 2 मधुमेह असलेल्या माणसाच्या स्वादुपिंडाची, काँगो रेडने रंगवलेली. बेटात नारिंगी-गुलाबी थर साचलेले दिसतात, आणि ध्रुवीकृत प्रकाशात तेच थर कोवळ्या पोपटी रंगाने उजळतात. हे अमायलॉइड, म्हणजे पेशींबाहेर साचलेलं प्रथिन. मधुमेह्यांच्या बेटांतला हा काचेसारखा पदार्थ यूजीन ओपी यांनी 1901 च्या सुमाराला नोंदवला होता. तो अमायलिन नावाच्या संप्रेरकाचा आहे आणि ते अमायलिन इन्सुलिनसोबत बीटा पेशीच सोडते, हे 1987 मध्ये कळलं. आजाराचं हे एकमेव कारण नव्हे आणि प्रत्येक रुग्णात ते सारखं साचतही नाही. पण तो थर नेमका पेशी आणि केशवाहिनी यांच्यामध्ये बसलेला पाहिला तेव्हा मी खुर्ची ओढून बराच वेळ तशीच बसून राहिले. माझा स्वतःचा आजार मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

आता तक्रारी. मला आलेली तिसरी काच फार पातळ कापलेली होती. काँगो रेडला 8 ते 10 मायक्रॉनचा छेद लागतो, नाहीतर पोपटी रंग फिका पडतो. कळवल्यावर आठ दिवसांत बदलून मिळाली, तीही वाद न घालता. ध्रुवीकरणाचे फिल्टर लागतील हे पेटीवर कुठेच लिहिलेलं नाही. मला ते दुसऱ्या विभागातून मागून आणावे लागले.

पुस्तिका निराश करते. तिच्या चित्रात बेट म्हणजे एक सुटं बटण, रक्तवाहिनीचा पत्ताच नाही. केशवाहिनीच्या भिंतीतली सूक्ष्म छिद्रं फक्त इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसतात, हेही सांगायला हवं होतं. मुलं ती या काचेवर शोधत बसतात. शिवाय प्राण्याच्या बेटातली जाळी जशीच्या तशी माणसाची समजू नये, अशी एक ओळ हवी. उदाहरणार्थ, उंदराच्या बेटात केशवाहिन्या माणसापेक्षा दाट असतात.

आणि चौथी काच हवीच होती, भ्रूणाची. आतड्याच्या भिंतीला महाधमनी टेकते तिथेच स्वादुपिंडाचा एक अंकुर फुटतो. 2001 मध्ये संशोधकांनी बेडकाच्या भ्रूणात महाधमनी तयारच होऊ दिली नाही, तेव्हा इन्सुलिनचं जनुकही जागं झालं नाही. रक्तवाहिनी आधी आणि बीटा पेशी नंतर, हे मुलांना काचेवर दाखवता आलं असतं.

घेणाऱ्यांसाठी एक सूचना: दुसरी काच जाड आहे. 10एक्सवर नीट बघून घ्या. थेट 40एक्स फिरवलं तर लेन्स कव्हरस्लिपला टेकते. वापरून झाल्यावर काच आडवीच ठेवा.