कलमी अडेनियम: झाड अस्सल, पण ज्या कुंडीत मिळतं ती बदला

रोपवाटिकेत 'डेझर्ट रोझ' म्हणून विकलं जाणारं कलमी अडेनियम कडक उन्हाच्या गच्चीसाठी पैसे वसूल करणारं झाड आहे. मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, पूर्व आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं. फुगीर बुडात पाणी साठवत असल्यामुळे मे महिन्यात चार दिवस पाणी चुकलं तरी तग धरतं.

खोट आहे ती कुंडीत. बहुतेक रोपं निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात येतात. कोकोपीट वाहतुकीला हलकं, पण ओल धरून ठेवतं आणि पहिल्याच पावसाळ्यात मुळं सडतात. पावसाळ्याच्या आधीच कुंडी बदला: जाड वाळू 2 भाग, 4 ते 6 मिमीचे विटांचे तुकडे 2 भाग, गांडूळखत 1 भाग. वाळू चाळून, धुऊनच घ्या. बारीक कण राहिले की निचरा थांबतो. मातीची उथळ कुंडी सर्वांत चांगली. मुळं तुटली असतील तर रोप 4-5 दिवस सावलीत सुकू द्या आणि लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नका.

घेताना बूड अंगठ्याने दाबून पाहा. सगळीकडून सारखं सैल लागलं तर झाड तहानलेलं आहे, ते सावरतं. एकाच जागी मऊ आणि काळपट लागलं तर ती सड आहे, ते रोप घेऊ नका. कलमाच्या सांध्याखाली फुटवे येत असतील तर ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचे. ते लगेच खुडले नाहीत तर जोर धरतात आणि ज्या रंगासाठी पैसे मोजले ती फांदी मागे पडते.

दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची जात दिसायला देखणी, पण पावसाचं पाणी पाकळ्यांत साचून कळ्या उमलण्याआधीच कुजतात. कोकणात, उघड्या गच्चीवर एकेरीच घ्यावी. सुबक बूड हवं असेल तर कलमापेक्षा बियांचं रोप सरस. फक्त फुलाच्या रंगाची खात्री नसते.

फेब्रुवारीअखेर छाटणी केली की साधारण 6 ते 8 आठवड्यांत नव्या शेंड्यांवर फुलं येतात. छाटताना हातमोजे घाला. हे कण्हेरीच्या कुळातलं झाड, चीक विषारी. आफ्रिकेत तो बाणांच्या टोकांना लावत. घरात रांगतं मूल किंवा पानं चघळणारं कुत्रं असेल तर कुंडी उंचावरच ठेवा.