मोटुल आरबीएफ ६०० ब्रेक ऑइल: चौदा महिने वापरल्यावर, आणि उरलेल्या बाटलीविषयी

गाडी पोलो १.० टीएसआय मॅन्युअल. एरवी कोथरूड ते हिंजवडी, आणि वर्षातून दोन-तीनदा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर. गेल्या सप्टेंबरात तिथे सहाव्या लॅपला सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल निम्म्याहून खाली गेलं. दोनदा पटापट पंप केल्यावर कुठे जोर आला. गाडी बाहेरच्या गवतात जाऊन थांबली. कुणाला काही लागलं नाही, पण हात बराच वेळ थरथरत होते.

ट्रॅकशेजारच्या पिटमध्ये पहिला संशय ब्रेक पॅडवर घेतला. पण पॅड अति तापले की पेडल दगडासारखं कडक राहतं आणि गाडी मात्र थांबत नाही. इथे पेडलच बसलं. म्हणजे कॅलिपरमधलं (चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागातलं) ब्रेक ऑइल उकळलं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले आणि माझा पाय ते बुडबुडे दाबत होता. २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक, एक वळण संपतं तोवर दुसरं येतं. ब्रेकला थंड व्हायला सवडच मिळत नाही.

पण ३१२ अंशांना उकळणारं आरबीएफ ६०० उकळलंच कसं? ३१२ हा आकडा सीलबंद ऑइलचा आहे. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नसतंच, ग्लायकॉलच्या जातीचं द्रव असतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. ३.७ टक्के पाणी शिरलं की हेच आरबीएफ ६०० साधारण २०५ अंशांवर येतं. डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या नेहमीच्या दर्जाची किमान मर्यादा ताज्या ऑइलला २३०, एवढंच पाणी शिरलेल्याला १५५. म्हणजे पाणी प्यायलेलं महागडं ऑइल ताज्या साध्या डॉट ४ च्याही खाली जाऊ शकतं. हे मला माहीत होतं, तरी मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो की एकदा हे टाका आणि वर्षभर बघू नका. ते मी मागे घेतो.

आता त्या बाटलीबद्दल. मला मिळाली ती प्रत्येक बाटली ५०० मिलीची. फेब्रुवारीत सगळं ऑइल बदललं तेव्हा दोन बाटल्या फोडल्या, दुसरीत ३०० मिलीच्या आसपास उरलं. एवढे पैसे मोजलेलं ऑइल कोण फेकेल? झाकण घट्ट लावून गॅलरीतल्या कपाटात ठेवलं. मध्ये एकदा मित्राच्या गाडीसाठी उघडलं. मग जून, जुलै, ऑगस्ट. पुण्याच्या पावसात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरली, त्याच कपाटात ही बाटली. सप्टेंबरात निघण्याआधी त्यातूनच फक्त पुढची दोन चाकं ब्लीड केली, म्हणजे तिथलं जुनं ऑइल बाहेर काढून हे आत घेतलं. ऑइल तपासायचं दिव्याचं पेनही बुडवून पाहिलं, हिरवा दिवा लागला. ते पेन विजेच्या वहनावरून अंदाज बांधतं, ऑइल किती अंशांना उकळेल हे मोजत नाही. त्यावर पुन्हा कधी विसंबणार नाही.

त्या दिवशी शेजारच्या पिटमधल्या एका भल्या माणसाने आपली सीलबंद बाटली दिली, तीही आरबीएफ ६०० च. अकराचा पाना निपलवर (चाकामागचा, ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू), पारदर्शक नळी पाण्याच्या जुन्या बाटलीत, आत धाकटा भाऊ पेडलवर. ‘दाब... धर... सोड.’ उजव्या पुढच्या चाकातून मोहरीएवढे बुडबुडे निघाले, एकामागून एक, मग धार स्वच्छ झाली. तेच पॅड, तेच टायर, तोच ड्रायव्हर; दुपारच्या दोन्ही सेशनमध्ये पेडल पुन्हा बसलं नाही. म्हणून ऑइलला माझे पूर्ण गुण. राग आहे तो बाटलीच्या मापावर. १५० मिलीचं काम आणि ५०० ची बाटली. २५० मिलीची बाटली आली तर मी दर मिलीमागे जास्त पैसे द्यायला तयार आहे.

याच ओघात एका गॅरेजचंही सांगतो. मागच्या वर्षी त्यांनी ‘ब्रेक ऑइल चेंज’चे पैसे घेतले. घरी मागच्या चाकाचा निपल पाहिला तर त्यावरचा चिखल जसाच्या तसा, आणि उघडल्यावर चहाच्या रंगाचं ऑइल. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतलं सिरिंजने काढून नवं भरलं होतं, बस्स. आपली गाडी परत घेताना निपल बघाच. या गाडीत क्लचही त्याच डबीतून ऑइल घेतो, तोही ब्लीड करायला सांगा.

मध्यंतरी कॅस्ट्रॉल एसआरएफचा विचार केला. ओलं झाल्यावरही २७० अंश, आकडा मोह पाडणारा. पण त्याच्या एका लिटरच्या पैशात आरबीएफच्या जवळपास चार बाटल्या येतात. वर्षभर ब्लीड न करणाऱ्याला ते परवडेल. मला पाना हातात घ्यायचा कंटाळा नाही, मी आरबीएफवरच राहणार. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र यात कधीही मिसळू नका, नाव ग्लायकॉलच्या डॉट ५.१ सारखं असलं तरी जात वेगळी.

आता आम्ही तिघे पोलोवाले ट्रॅक डेच्या आधीच्या रविवारी एकाच पार्किंगमध्ये जमतो. एक सील फुटतं, तिघांच्या पुढच्या चाकांत ती बाटली संपते. सांडलेलं लगेच पाण्याने धुवायला बादली शेजारी असते, कारण हे ऑइल रंग खातं. ती जुनी, उरलेली बाटली मी वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये न मिसळता, वर नाव लिहून, जुनं ऑइल घेणाऱ्याला वेगळी दिली.