पॉटहोल्डर शिवण्याचा तयार संच: अस्तर उत्तम, गोट मात्र फसवा

शिवणकाम करणाऱ्याच्या घरात कापडाचे तुकडे साठतातच, आणि टाकवत नाहीत म्हणून पिशव्यांमध्ये पडून राहतात. त्यांतून भेट देण्यासाठी सहा पॉटहोल्डर (गरम भांडी धरायचे जाड कापडी चौकोन) शिवायचे ठरवले, तेव्हा दर्शनी कापड घरचेच असल्यामुळे फक्त बाकीचे सामान देणारा एक संच मागवला. त्यात उष्णतारोधक अस्तर, मध्ये घालायची सुती बॅटिंग (कापसाचा मऊ, जाड थर), २० सेंटिमीटर चौरसाचा गोलसर कोपऱ्यांचा साचा, गोटासाठी (कडा झाकण्यासाठी) उरेब, म्हणजे तिरपी कापलेली पट्टी, दोऱ्याचे रीळ आणि सूचनापत्रक होते.

या सगळ्यात खरोखर मोलाचे आहे ते अस्तर. पॉलिएस्टरच्या तंतूंमध्ये धातूचा मुलामा दिलेली पातळ फिल्म बसवलेली असल्यामुळे ते हातात चुरगळले की चमकत्या वेष्टनकागदासारखे कुरकुरते. त्याला कात्रीची धार छान लागते आणि कडा सुटत नाहीत. परंतु ही फिल्म उष्णता परतवत असली, तरी भांडे थेट टेकते तेव्हा बोटे वाचवण्याचे काम मुख्यतः बॅटिंगमध्ये अडकलेली हवा करते, आणि नेमके इथेच पत्रक चुकते. अस्तराचा एक आणि बॅटिंगचा एक थर पुरेसा आहे, असे त्यात म्हटले आहे. तसा शिवलेला पहिला नमुना हातात घेऊन मी ओव्हनमधला ट्रे उचलला, तर तो ओट्यावर ठेवेपर्यंत चटका बोटांपर्यंत पोहोचला. बॅटिंगचे दोन थर घातल्यावर तोच ट्रे निवांत धरता आला. संचात बॅटिंगचे सहाच तुकडे असल्याने उरलेल्या थरांसाठी मी जुना सुती टॉवेल कापला, आणि त्याने काम उत्तम भागले.

पत्रकातल्या आकृतीत एकेक सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या टिपा दाखवल्या आहेत. दिसायला ते देखणे असले तरी इतक्या दाट टिपांखाली बॅटिंग चेपते आणि हवा निघून जाते, म्हणून मी चार-चार सेंटिमीटरचे अंतर ठेवले. एवढी जाडी शिवताना १६ नंबरची सुई आणि साडेतीन मिलिमीटरचा टाका लागतो, आणि मशीनला वॉकिंग फूट (वरचे कापडही खालच्याबरोबर सरकवणारा दाबपाय) लावला नाही तर वरचे कापड पुढे सरकून चौकोन तिरका होतो. (माझा एक झालाच.)

खरी तक्रार आहे ती उरेब पट्टीबद्दल. वेष्टनावर ती सुती असल्याचे छापले आहे, पण तिची चकाकी पाहून शंका आली, म्हणून तिचे दोन धागे ओढून काढले आणि चिमट्यात धरून पेटवले. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख मागे ठेवते. इथे धागा आक्रसला आणि टोकाला काळा, टणक मणी तयार झाला. म्हणजे पट्टीत पॉलिएस्टर आहे, आणि रिळातला दोराही तसाच निघाला. तापलेल्या भांड्याला सर्वांत आधी टेकते ती कडच, त्यामुळे वितळणारा गोट ही किरकोळ चूक मानता येणार नाही. शेवटी धुऊन घेतलेल्या सुती तुकड्यांतून ४५ अंशांत ६ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, जोडल्या, आणि सुती दोऱ्याने गोट घातला. त्या एका कामात अख्खी दुपार गेली, पण निरनिराळ्या रंगांच्या तुकड्यांमुळे कड आयत्या पट्टीपेक्षा कितीतरी खुलून दिसली.

पत्रकात दोन सूचना असायलाच हव्या होत्या आणि त्या नाहीत. अस्तरात धातू असल्यामुळे हे पॉटहोल्डर मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचे नाहीत. आणि ओले झाले असतील तर गरम भांड्याला लावायचे नाहीत, कारण हवेच्या तुलनेत पाणी उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहून नेते. मी या दोन ओळी छोट्या कार्डावर लिहून प्रत्येक भेटीला बांधल्या.

केवळ अस्तर सुटे मिळत असेल तर तेच घ्यावे, असे माझे मत आहे. साचा पुठ्ठ्यातून पाच मिनिटांत कापता येतो आणि बाकीचे सामान तुकड्यांच्या पिशवीतच सापडते. तिरका झालेला तो पॉटहोल्डर भेट देण्याजोगा नव्हता. तो महिनाभर माझ्याच शेगडीजवळ टांगलेला आहे, तीनदा धुऊन झाला आहे, आणि त्याची एकही टीप अजून उसवलेली नाही.