मीटरवर ६१२ तास, चक्रावर मात्र २३

जुना मिनी ट्रॅक्टर घ्यायला निघाला असाल तर इंजिनचा आवाज ऐकण्याआधी त्याचं प्लास्टिक उलटं करून बघा. मी बघितलं होतं. खूण डोळ्यांसमोर होती, मोबाइलमध्ये तिचा फोटोही काढला, आणि तरी मोजून २,८५,००० रुपये दिले. ही गोष्ट घरात सांगायला मला सहा महिने लागले.

इंदूरजवळ, सिमरोळच्या पुढे आमची पाच बिघे पेरूची बाग आहे. झाडांच्या ओळींत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, फांद्या मोडतात. म्हणून १८-२० एचपीचा जुना ट्रॅक्टर शोधत होतो. देवास नाक्याकडच्या एका विक्रेत्याकडे मिळाला. आरसीवर २०१८. विक्रेता म्हणाला, एका साहेबांच्या फार्महाउसवर उभा होता, फक्त फवारणीला वापरला. मीटरवर इंजिन चालल्याचे ६१२ तास. सहा वर्षांत ६१२, शोभेच्या बागेत वापरला म्हटल्यावर मला पटलं. बोनेट चकचकीत, मडगार्ड काळेभोर, डॅशबोर्डवर एक ओरखडा नाही.

मी डोळे मिटून घेतला असं कुणी म्हणू नये. इंजिन नंबर, चासी नंबर आरसीशी जुळवला. बँकेचा बोजा नाही, याचं पत्र बघितलं. सकाळी जाऊन थंड इंजिन चालू करून घेतलं. तेल बघितलं, धूर बघितला. ओळखीच्या मेकॅनिकला ५०० रुपये देऊन सोबत नेलं. त्यानेही प्लास्टिककडे बघितलं नाही. आपल्याकडे बघतंय कोण?

आता तो क्षण. हेडलाइट लागत नव्हता म्हणून फ्यूज बघायला मी डॅशबोर्डखाली वाकलो. मीटरच्या खोक्याच्या मागच्या बाजूला एक छोटं गोल चक्र उठवलेलं होतं. कडेने १ ते १२ आकडे, मधे बाण, बाणाच्या दोन्ही बाजूंना २ आणि ३. बाणाचं टोक ९ कडे. मी विचारलं, हे काय? विक्रेता लगेच म्हणाला, "भिया, ये तो डाई का नंबर है, सबमें रहता है." डाई म्हणजे साचा. असं चक्र बहुतेकांत असतं, एवढं खरंच. माझा सख्खा भाचा पीथमपूरला प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात आहे. त्याला फोटो पाठवायला अर्धं मिनिट लागलं असतं. अक्षय तृतीया होती, १० मे २०२४. मुहूर्त टळू नये म्हणून मी पाठवला नाही. भाच्याने तो फोटो ऑक्टोबरमध्ये बघितला आणि म्हणाला, "मामा, बाण म्हणजे महिना, बाजूचे आकडे म्हणजे वर्ष. हे सप्टेंबर २०२३ मधे ओतलेलं मीटर आहे. २०१८ च्या ट्रॅक्टरवर ते कसं असेल?"

मीटरच नवं बसवलेलं. म्हणजे ते ६१२ कुठून आले, तुम्हीच समजा.

आणि गिअरच्या दांड्याची मूठ! तिच्यावरचे आकडे घासून नाहीसे झाले होते. सहाशे तासांत कुणाच्या तळहाताने ते जातात? पायाखालची पॅडलची रबरं मात्र कोरी. मडगार्डवर हात ठेवला तर तळवा तेलकट झाला, तो मी रुमालाला पुसला. मडगार्डवर हात फिरवताना रुमाल जवळ ठेवा. रुमाल काळा किंवा तेलकट झाला तर पॉलिश मारलंय, खाली काय असेल ते असेल.

खाली काय होतं ते जुलैत कळलं. पावसाने पॉलिश धुतलं गेलं. मडगार्ड राखाडी झाले, बोट फिरवलं की खडूसारखी पूड येत होती. मग बोल्टच्या भोकापासून चीर गेली, दोन्हींत. भाच्याने तुकडा वाकवला तर बिस्किटासारखा तुटला. वितळवलेलं भंगार पुन्हा पुन्हा ओतलं की प्लास्टिकची ताकद जाते, उन्हापासून वाचवणारा मसाला अशा मालात कुणी घालत नाही, असं त्याने सांगितलं. चांगल्या कंपनीच्या भागावर मागे बहुतेक वेळा तारखेचं चक्र आणि प्लास्टिकच्या जातीची अक्षरं असतात, पीपी, एबीएस अशी. माझ्या मडगार्डची मागची बाजू कोरी होती. जोडी बदलली, ४,६०० रुपये.

इथवर मी गप्प राहिलो असतो. पण रेडिएटरचा पंखाही तसलाच निघाला. हा पंखा काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचा असावा लागतो, कारण तो इंजिनच्या झळीत तासन्‌तास फिरतो. ऑक्टोबरात रोटाव्हेटर चालू असताना दोन पाती मुळातून तुटली आणि सरळ रेडिएटरमध्ये घुसली. पाणी गेलं, इंजिन तापलं, हेड गेलं. पंखा १,४५०, त्याच्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं २,२००, रेडिएटर ९,८००, हेडचं काम आणि गॅस्केट ११,६००, मजुरी २,५००. एकूण २७,५५०. इंजिन उघडल्यावर मेकॅनिकने लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, दाखवले आणि हा ट्रॅक्टर चार हजार तासांच्या खाली नाही म्हणून सांगितलं. पूर्ण काम करायचं तर अजून ६८,०००. ते मी केलेलं नाही. फवारणीला आज भाड्याचा ट्रॅक्टर येतो.

विक्रेत्याकडे गेलो तर म्हणाला, मी फक्त दलाल. पावती जुन्या मालकाच्या नावाची, तीही १,८५,००० ची: ५०,००० यूपीआयने, १,३५,००० एनईएफटीने. उरलेले १,००,००० रोख होते, त्यांचा कागदच नाही. रोख देऊ नका. हजार रुपयेही नाही. आणि मीटरवरचे तास पावतीवर लिहून घ्या, खाली सही घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून उठून या.

ठाण्यात गेलो. तिथे वीस मिनिटं वाद चालला की फसवणुकीचं जुनं कलम ४२० लागेल की नव्या कायद्यातलं ३१८. विक्री मे २०२४ ची, नवा कायदा १ जुलै २०२४ पासून, तेव्हा जुनं लागेल हे मी, एक शेतकरी, त्यांना सांगत होतो. शेवटी उत्तर आलं, "ये तो सिविल मैटर है." अर्जावर पोच द्यायलाही दोन खेपा घातल्या. परिवहनच्या खिडकीवर म्हणाले, आरसी बरोबर आहे, मीटर आमच्याकडे येत नाही. एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार टाकली. अकराव्या दिवशी मेसेज आला की तक्रारीचं निराकरण झालं. कुणी केलं? माझ्या दारात कुणी आलं नाही, मला फोन नाही, तुटलेलं पातं कुणी हातात धरून बघितलं नाही! पुन्हा टाकली, पुन्हा बंद झाली. एका कारकुनाने तर सांगितलं, ट्रॅक्टर धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहकच नाही. हे साफ चूक आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यात धरत नाहीत. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. हे मला कुठल्याही खिडकीवर सांगितलं गेलं नाही, वकिलाकडून कळलं. त्या कारकुनावर विश्वास ठेवून मी चार महिने घालवले.

आता तक्रार दाखल आहे. तारीख पडते, समोरचा वकील वेळ मागतो. तुटलेली पाती आणि मडगार्डचे तुकडे मी तारीख लिहून पोत्यात बांधून ठेवलेत. तुम्हीही तुटलेला भाग मेकॅनिककडे सोडून येऊ नका. त्याच विक्रेत्याकडून कुणी घेतला असेल तर आधी मीटरमागचं चक्र बघा आणि फोटो काढून ठेवा. माझं मीटर मी कुणाला काढू दिलेलं नाही. ते ७४१ वर थांबलंय.