२,३४० किलो जुने कागद: जळगावच्या श्रेडिंग सेवेचा अनुभव

गेल्या वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या पात्रात, नातीला फुटाण्यांची पुडी घेऊन दिली. फुटाणे संपल्यावर कागद उलगडला तर तो एका संस्थेचा कर्जमागणी अर्ज निघाला. अर्जदार बाईंचा फोटो, सही, खाते नंबर, खाली जामीनदाराचं नाव आणि पत्ता. अर्ज आमच्या पतसंस्थेचा नव्हता. तरी मी तिथेच वाळूत बसले, कारण आमचेही जुने कागद वर्षानुवर्षं रद्दीवाल्याकडेच जात आले होते आणि रद्दी विकायच्या टिपणावर सही माझी असायची. अमळनेरच्या या लहानशा पतसंस्थेत मी सत्तावीस वर्षं आहे. त्यातली शेवटची नऊ वर्षं व्यवस्थापक म्हणून.

यात्रा आटोपल्यावर पहिलं काम केलं ते माळा उघडायचं. पिग्मीची कलेक्शन शीटं, फिटलेल्या कर्जांच्या फायली, व्हाउचरांचे गठ्ठे, सही-नमुना कार्डं, आधार-पॅनच्या झेरॉक्सा, जोडलेले सातबारे. आमचे शिपाई नाना आणि मी तीन आठवडे रोज दुपारनंतर तेच निवडत होतो. आय आणि जे नमुन्याची सभासद रजिस्टरं, इतिवृत्तं आणि जनरल लेजर कायमची ठेवायची. ज्या कर्जांवर सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुलीची केस आहे किंवा होऊ शकते, त्यांच्या फायलींना हात लावायचा नाही. बाकीच्याची, म्हणजे नष्ट करायच्या कागदांची, यादी केली, लेखापरीक्षकांना दाखवली, संचालक मंडळाचा ठराव घेतला. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी ही पायरी वगळू नये. नष्ट झालेला कागद पुन्हा मागवता येत नाही, आणि तो का नष्ट केला हे ठरावाशिवाय सांगताही येत नाही.

मंडळाच्या बैठकीत रकमेवरून वाद झाला, तोही रास्त होता. रद्दीवाला किलोला १४ रुपये द्यायला तयार होता. श्रेडिंगवाले, म्हणजे यंत्राने कागदाचे तुकडे करून देणारे, उलट आपल्याकडूनच किलोला ५ रुपये घेणार, वर गाडीभाडं ४,५०० आणि जीएसटी. कागद निघाला २,३४० किलो. म्हणजे येणारे ३२,७६० गेले आणि खिशातून १६,२०० अधिक कर. एका संचालकांनी विचारलं, एवढ्या पैशात काय मिळणार? मी फुटाण्यांची ती पुडी टेबलावर ठेवली. ठराव एकमताने झाला.

ही सेवा देणारा कारखाना जळगावच्या एमआयडीसीत आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्या दूर करायला त्यांनी मुदत मागितली आहे. त्यांचं मूळ काम प्लॅस्टिकचं. जळगावात चटईचे कारखाने किती आहेत ते खानदेशात कुणाला सांगायला नको. त्या चटयांचा कट-माल, पाइपांचे तुकडे, शेतातून निघालेल्या ठिबकच्या जुन्या नळ्या हे सगळं इथे फाडून, धुऊन, त्याचा पुन्हा दाणा होतो. कागद हा त्यांचा जोडधंदा.

गाडी आली ती ताडपत्री टाकलेली, उघड्या हौद्याची. मी माल भरू दिला नाही. ‘बंद बॉडीची गाडी पाठवा आणि दाराला आमचं कुलूप लागेल,’ असं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तशी गाडी आली. नाना गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले आणि मी मागून धरणगाव, पाळधीमार्गे जळगावला पोचले. काट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन माझ्यासमोर झालं, पावत्या मिळाल्या. इथवर तक्रार नाही.

मशीन पाहून मी थबकले. ऑफिसातलं कागद कापायचं छोटं यंत्र डोळ्यासमोर होतं. हे म्हणजे जमिनीपासून पुरुषभर उंच लोखंडी हौद, तळाशी दोन जाड दांडे, त्यांवर आकड्यासारख्या दातांची पोलादी चक्रं, आणि दोन्ही दांडे एकमेकांकडे फिरणारे. फिरतात अगदी संथ, फेरे मोजता येतात. पण संथ म्हणजे दुबळे नव्हेत: वेग कमी ठेवून सगळी ताकद पिळात घातलेली असते. पूर्ण बॉक्स फाइल, पिना, स्प्रिंग, पुठ्ठ्यासकट आत गेली की उसाच्या चरकात कांडं जावं तशी ओढली जाते. फार कोंबलं तर मोटारीवर भार येतो, तो यंत्राला कळतो, दांडे आपोआप उलटे फिरतात, अडकलेलं सोडतात आणि पुन्हा पुढे चालू लागतात. ठिबकच्या नळ्या मात्र या मशीनला छळतात असं तिथला ऑपरेटर म्हणाला. अख्ख्या टाकल्या तर दांड्याला गुंडाळून बसतात, म्हणून आधी हातभर कापाव्या लागतात; आणि नळीत राहिलेल्या मातीने पात्यांची धार जाते.

आता मुख्य तक्रार. पहिली शंभरेक किलोची खेप मशीनमधून खाली पडली तेव्हा मी ढिगात हात घातला. पट्ट्या अडीच-तीन बोटं रुंद, काही वीतभर लांब. नानांनी एक पट्टी उचलली आणि म्हणाले, ‘ताई, हाई तं चांगलं वाचता यी ऱ्हायनं.’ खरंच होतं. सभासदाचं नाव, ‘रा. मारवड, ता. अमळनेर’ आणि आधारचे बाराच्या बारा आकडे त्या एका पट्टीवर शाबूत होते.

दोन दांड्यांचं हे मशीन मोठे तुकडे करतं, बारीक करत नाही. प्लॅस्टिकला ते पुरतं, कारण पुढे ग्राइंडर असतो. कागदावरच्या माहितीला ते अजिबात पुरत नाही. माहिती नष्ट करण्याचं जर्मनीचं डीआयएन ६६३९९ हे मानक २०१२ मध्ये आलं. त्यात कागदाच्या तुकड्याच्या आकारावरून पी-१ ते पी-७ अशा पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पी-१ ला तुकडा जास्तीत जास्त २,००० चौरस मिलिमीटर किंवा पट्टी १२ मिलिमीटर रुंद चालते. गोपनीय कागदासाठी लोक मागतात त्या पी-४ ला तुकडा १६० चौरस मिलिमीटरच्या आत हवा. आमची पट्टी पी-१ मध्येही बसत नव्हती. आणि नुसत्या पट्ट्या करून भागत नाही हे जगाने पाहिलेलं आहे. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत घाईघाईने पट्ट्या केलेले कागद नंतर गालिचे विणणाऱ्या कारागिरांना बसवून पुन्हा जुळवले गेले. ही गोष्ट मी मालकांना तिथेच सांगितली. चटईवाल्यांना धाग्याला धागा लावणं समजवावं लागत नाही.

मालकांनी वाद घातला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. शेजारीच एका दांड्याचं मशीन होतं. त्यात हायड्रॉलिक ढकलणी माल पात्यांवर दाबून धरते आणि खाली भोकांची जाळी असते. तुकडा त्या भोकातून पडण्याइतका होईपर्यंत आतच फिरत राहतो. ते प्लॅस्टिकसाठी लावलेलं होतं. त्यांनी जाळी बदलून बारीक भोकांची बसवली, आतला प्लॅस्टिकचा भुगा झाडून घेतला, यात दोन तास गेले. मग सगळा माल दोन्ही मशीनमधून काढला. शेवटी हातात आले ते अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे. पी-४ म्हणता येणार नाही, पण दोन टनांच्या ढिगात कालवल्यावर त्यातून नाव आणि आकडा एकत्र सापडणं मला तरी अशक्य वाटलं. नानांनी मूठभर तुकडे माझ्यासमोर धरले: ‘आते कोनी वाची दखाडा म्हना.’ या जादा कामाचे पैसे त्यांनी लावले नाहीत.

थांबले होते त्या दोन तासांत एका बियाणे कंपनीचा माल आला. छपाई चुकलेली कापसाच्या बियाण्याची रिकामी पाकिटं, गठ्ठेच्या गठ्ठे. कंपनीचा माणूस शेवटचं पाकीट फाटेपर्यंत हलला नाही. अशी रिकामी पाकिटं बाहेर गेली तर त्यांत बोगस बी भरून कुणीतरी शेतकऱ्याच्या गळ्यात मारतो, आणि त्याचा खरीप जातो. त्या माणसाची ही दक्षता पाहून मला बरं वाटलं. आपण फार चिकित्सा करतोय की काय ही रुखरुख होती, ती गेली.

कागदाचा भुगा सरकत्या पट्ट्यावरून जाताना लोहचुंबक पिना-स्प्रिंगा उचलून घेतो, मग दाबयंत्रात गठ्ठे बांधून माल वापीच्या कागद गिरणीत जातो. तुकडा जितका बारीक तितका कागदातला धागा तुटतो आणि गिरणीला तो कमी आवडतो, त्यामुळे यांना भावही कमी मिळतो. किलोला ५ रुपये का घेतात ते मला इथे कळलं. लॅमिनेट केलेली कार्डं आणि प्लॅस्टिक फोल्डर आम्ही आधीच वेगळे काढायला हवे होते. ते तिथे बसून काढावे लागले. ती चूक आमची.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. हौदाच्या काठावर एक विशीतला मुलगा उभा राहून काठीने कागद आत लोटत होता. तोंडावर रुमालसुद्धा नाही, कठडा नाही, आणि कागदाची धूळ एवढी की माझेच डोळे चुरचुरत होते. मी काम थांबवायला लावलं, मास्क आणवला, त्याला खाली उतरवून फावड्याने सरकत्या पट्ट्यावर माल टाकायला सांगितलं. मालकांनी कठडा बसवायचं कबूल केलंय. तो बसल्याचा फोटो आल्याशिवाय पुढचं काम देणार नाही, असं मी लेखी कळवलं आहे.

दुसरी तक्रार प्रमाणपत्राची. पहिलं आलं त्यात ‘जुने कागद नष्ट केले’ एवढं एकच वाक्य. तारीख, वेळ, वजन, जाळीचं माप, हजर असलेल्यांच्या सह्या, यादीचा संदर्भ, यातलं काही नाही. दोनदा परत पाठवल्यावर नीट आलं.

पाच जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क मी त्यांना दिल्या नाहीत. फॉरमॅट केलेल्या डिस्कवरूनही डेटा परत काढता येतो, आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा डिजिटल माहितीसाठीच केलेला आहे. ‘भोक पाडून देतो’ असं ते म्हणाले, पण सीरियल नंबर लिहून घ्यायला तयार नव्हते. डिस्क सध्या तिजोरीत आहेत. ई-कचऱ्याची नोंदणी असलेला आणि प्रत्येक डिस्कचा नंबर प्रमाणपत्रात टाकणारा माणूस शोधते आहे.

पुढची खेप जानेवारीत, मार्चची गर्दी सुरू व्हायच्या आधी. या वेळी वर्क ऑर्डरमध्येच लिहिणार आहे: बंद गाडी, आमचं कुलूप, जाळीचं माप, पहिल्या खेपेचा तुकडा आमच्या माणसाने हातात घेऊन पाहिल्यावरच पुढचा माल. कठड्याचा फोटो अजून आलेला नाही.